भिंतीवरचं जहाज

अनुयाने एकाखाली एक असे अकरा वेळा 'नो' केले आणि मग गार झालेला चहा पिऊन टाकला. मी तिच्या समोरच बसलो होतो. तिने प्रश्न वाचले नाहीत. वाचायची गरजही तिला वाटली नसणार. असले प्रश्न आपल्यासारख्या माणसांसाठी नसतातच, ते कुणा दुसऱ्यांसाठी असतात, फॉर्म सगळ्यांना एकच म्हणून आपल्यालाही त्यातून जावं लागतं, अशी तिची साधी समजूत. माझ्या इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज होता तो. "बॅकग्राउंडचं सेक्शन झालं, बाबा," ती म्हणाली. "ऑल नो. मी प्रिंट देते, तुम्ही फक्त साइन करून ठेवा. संध्याकाळी आले की स्कॅन करून अपलोड करते. उद्या डेडलाइन आहे, विसरू नका प्लीज." मी विचारलं, "प्रश्न काय होते?" ती हसली. "अहो बाबा, ते टेररिस्ट वगैरेंसाठी असतं. तुम्ही कधी जेलमध्ये होतात का, असलं काहीतरी." माझ्या खांद्यावर थोपटून ती बेसमेंटमध्ये गेली. खाली प्रिंटर घरघरला. त्याच वेळी तिथलाच, जिन्याच्या पायथ्याचा गॅस डिटेक्टर एकदा चिरकला. बॅटरी संपत आली की तो तसा चिरकतो.

ती गेली. बूट, कोट, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडण्याचा आवाज, मग गॅरेजचं दार. शंतनु, माझा जावई, कामासाठी आठवडाभर कनाटा नावाच्या गावी गेलेला. रिचमंड हिलच्या या घरात फेब्रुवारीतल्या कामाच्या दिवशी माझ्याखेरीज कोणी नसतं, आणि मला ते आवडतं असं मी सगळ्यांना सांगत असतो. कागद टेबलावर होता, त्यावर निळं पेन. आम्हा इंजिनिअर लोकांना कागद वाचल्याशिवाय सही करवत नाही, अशी फुशारकी मी एकेकाळी मारत असे. ज्या कागदाने माझं आयुष्य नासवलं तो मी वाचला नव्हता. हा मात्र वाचला. चौथा प्रश्न. कोणत्याही देशात, कोणत्याही गुन्ह्याबद्दल तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे काय. समोर 'नो'च्या चौकटीत बारीकशी फुली. तर मला शिक्षा झालेली आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चार वर्षांची झाली, तीन वर्षं दोन महिने मी ती भोगली. वीणाला, माझ्या बायकोला, हे माहीत होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे आज हे सांगू शकेल असं माझ्या माणसांत माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि नेमका मीच ते कधी सांगितलेलं नाही.

'यस' केलं तर काय होईल हे मी चहाचे कप विसळताना पुन्हापुन्हा मांडून पाहिलं. इथे येतानाच्या व्हिसाच्या वेळी हाच प्रश्न पुण्याच्या एजंटने असाच उडवून लावला होता आणि मी तेव्हाही मुकाट्याने सही केली होती. आता 'यस' म्हटलं की तो आधीचा 'नो' खोटा ठरणार. शंतनुच्या ओळखीतल्या एकाच्या वडिलांचं असंच काहीतरी निघालं. त्यांना परत पाठवलं आणि पाच वर्षं दार बंद. मी सदुसष्टचा. हृदयात दोन स्टेंट आहेत. पाच वर्षं पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकट्याने वरणभाताचा कुकर लावत काढायची, हा हिशेब कोणालाही समजेल. पण खरं सांगायचं तर मला भीती त्याची नव्हती. तुरुंगात राहिलेला माणूस फ्लॅटला भीत नाही. मला भीती होती ती बेसमेंटमधल्या नकाशाची. डिटेक्टर पुन्हा चिरकला. मी घड्याळ लावून पाहिलं: दर चाळीस सेकंदांनी एकदा.

तो नकाशा वीणाने अप्पा बळवंत चौकातून आणला होता. माझ्या जहाज कंपनीच्या माणसाने मुंबईहून येऊन तिला माझी बातमी सांगितली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती त्याला चहा देऊन, दारापर्यंत पोचवून आली, आणि अनू शाळेतून घरी यायच्या आत तिने ठरवून टाकलं की बाबांना लांबचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय. जगाचा मोठा नकाशा, मऊ बोर्डावर चिकटवलेला, आणि रंगीत डोक्यांच्या टाचण्यांची डबी. दर रविवारी अंघोळ झाली की मायलेकी नकाशासमोर उभ्या राहत आणि माझं जहाज पुढे सरकवत. वीणाला समुद्रातलं काही कळत नव्हतं, पण माझी आधीच्या सतरा वर्षांची पत्रं तिच्याकडे होती. त्यांतून ती बंदरं उचलायची, वारे उचलायची, एका बंदरातल्या माशांच्या बाजाराचं वर्णन दुसऱ्याला लावायची. तिने मला वादळात घातलं, वादळातून काढलं. पनामा कालव्यातून नेलं. अनूच्या आठव्या वाढदिवसाला मी होनोलुलुला होतो, तिथे गळ्यात फुलांचे हार घालतात म्हणून. ज्या देशात मी खरोखर होतो त्याच्या आसपास मात्र तिने एकही टाचणी टोचली नाही. तो सगळा किनारा कोरा आहे. इतका कोरा की एवढी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं.

आणि अनू त्या नकाशावर वाढली, इकडे येताना तो सोबत घेऊन आली. आज ती कंटेनर वाहतुकीच्या कंपनीत आहे. जगातलं कुठलंही जहाज या क्षणी कुठे आहे ते तिला पडद्यावर दिसतं. इंटरव्ह्यूत विचारतात तुम्ही या क्षेत्रात कशा आलात, तर ती बाबांच्या जहाजाची गोष्ट सांगते. लग्नानंतर फिरायला दोघं गेली ती होनोलुलुला. तिथून तिने धक्क्यावरचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'बाबा, तुमचं बंदर.' वीणाने तो फोटो बराच वेळ बघितला आणि फोन माझ्याकडे देऊन ती कुंड्यांना पाणी घालायला गेली. त्या दिवशी तरी आम्ही दोघांनी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "फोटो छान आलाय." ती म्हणाली, "हो, रंग छान आलेत."

अकराच्या सुमारास मी फावडं घेऊन दारातलं बर्फ शोव्हल केलं. मला बंदी आहे. डॉक्टरांची, अनूची, शंतनुची, सगळ्यांची. तरी चार हात मारले, कारण घरात तो चिरका आवाज सोसवेना. बाहेर इतकी थंडी होती की नाकातले केस ताठ झाले. मी श्वास घेतला आणि तो मिळाला. या साध्या गोष्टीकडे माझं फार लक्ष असतं. श्वास घ्यावा आणि तो मिळू नये, असं होऊ शकतं. हवा असते, दिसायला तशीच, वास नाही, धूर नाही, आणि तरी ती हवा नसते. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात, जहाजाचा तोल धरण्यासाठी. अशी एखादी टाकी महिनोन्महिने बंद राहिली की आतलं लोखंड गंजतं, आणि गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. मग झाकण उघडून आत उतरलेला माणूस दोन-तीन श्वासांत खाली बसतो. त्याला काही कळतही नाही. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. म्हणून आत उतरण्याआधी मीटरने हवा तपासायची, परमिटच्या कागदावर एकेक प्रश्नापुढे खूण करायची, खाली सही करायची. हवा तपासली काय. वारा सोडला काय. दाराशी माणूस ठेवला काय. एकाखाली एक.

आमच्या जहाजावर ही परमिटं रविवारी व्हायची. मी सेकंड इंजिनिअर होतो. जेवण झालं की केबिनमध्ये बसून आठवड्याचा गठ्ठा पुढे ओढायचा आणि वरून खाली खुणा करत जायचं. टाकीचं नाव, तारीख, वेळ मागाहून. मला हे माझ्या आधीच्या सेकंडने शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. काम करायला माणसं कमी, कागद जास्त, आणि टाक्या काय रोज थोड्याच माणसं खातात. त्या मंगळवारी आम्ही त्या देशाच्या बंदरात नांगरलेलो. चार नंबरच्या टाकीतला एक व्हॉल्व्ह अडकला होता, टाकी आठ महिने बंद. मीटरची बॅटरी संपलेली. नवी पुढच्या बंदरात मिळणार होती. परमिट मात्र तयार होतं, रविवारचं. आत जायचं होतं परकारला.

हुसेन परकार, आमचा फिटर. दापोलीकडचा, बावन्न वर्षांचा. जहाजावर माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. लेथवर बसला की त्याच्या हातातून लोखंड लोण्यासारखं उतरायचं. त्याने अनूसाठी पितळेच्या तुकड्यातून एक भोवरा काढून दिला होता, अंगठ्याएवढा, त्यावर बारीक तीन रेघा. "पोरीला सांगा सेकंडसाब, हा पडत नाही लवकर," म्हणाला होता. तो भोवरा माझ्या पेटीतून घरी आला. कंपनीने पेटी पाठवली, मी मागाहून. तो अजून अनूच्या टेबलावर असतो, बेसमेंटमध्ये, नकाशाखाली. मीटिंग लांबली की ती एका हाताने तो फिरवत बसते. त्या मंगळवारी टाकीच्या तोंडाशी परकारने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याला एका शब्दात उत्तर दिलं होतं. त्याकडे मी मागाहून येतो. अठ्ठावीस वर्षं मी त्याकडे मागाहूनच येत आलोय.

फोन वाजला. शंतनु. "बाबा, फोनवर अलर्ट येतोय मला. लो बॅटरी आहे फक्त, घाबरू नका. वीकेंडला आलो की चेंज करतो. तुम्ही लॅडरवर चढू नका हं." मी म्हणालो, "चालू आहे तोवर ठीक. बंद पडला तर?" तो म्हणाला, "एवढं काही होत नाही बाबा. सगळ्यांचे चिरकत असतात, आमच्या शेजारच्यांचा तर महिनाभर." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. चांगला मुलगा आहे. पण मी वीकेंडपर्यंत थांबणार नव्हतो. टीव्हीच्या रिमोटमधल्या दोन बॅटऱ्या काढल्या. जेवणाच्या टेबलाची खुर्ची एकेक पायरी करत खाली नेली.

खुर्चीवर चढून डिटेक्टर उघडला, बॅटऱ्या बदलल्या, बटण दाबून पाहिलं. तो मोठ्याने ओरडला, मग हिरवा दिवा लागला. घरात एकदम शांत झालं. मला वाटलं होतं की आवाज थांबला की बरं वाटेल. पण त्या शांततेत भट्टीचा आवाज वर आला, घर गरम करणाऱ्या त्या भट्टीचा, आणि मी सवयीने कान दिला. ज्वाळा बरोबर होती, पंख्याचं बेअरिंग जरा खरखरत होतं. कान देणं माझ्या हातात नाही. मला शिक्षा झाल्यावर समुद्रातूनच नेलं होतं. त्या देशाचा तुरुंग एका बेटावर होता आणि तिथे सामान नेणाऱ्या लाँचच्या पोटात, कांद्याची पोती आणि घासलेटची पिंपं यांच्यामध्ये, माझा पाय साखळीने एका पाइपला बांधला होता. सतरा वर्षं मी समुद्रावर इंजिनांचा धनी होतो. पहिल्यांदाच माल होऊन चाललो होतो. सात तास. आणि त्या सात तासांत मी ना रडलो, ना देवाचं नाव घेतलं. मी इंजिन ऐकत होतो. चार सिलिंडरांपैकी तिसरा नीट पेटत नव्हता. शेवटी पहारेकऱ्याला खुणेने सांगायला गेलो: तीन बोटं दाखवली, मग तीच हलवून दाखवली. त्याला वाटलं मला ओकारी येतेय. त्याने बादली आणून ठेवली.

बेटावर मला कोणी मारलं नाही, छळलं नाही. पुढे त्यांनी मला पाण्याच्या पंपावर कामाला लावलं. संध्याकाळी पंपघराच्या मागून क्षितिजावरची जहाजं दिसायची. दिवे मोजायचे, धुराड्यावरून कंपनी ओळखायची. त्यांतलं एखादं भारतात जात असेल असं मनात यायचं, मग दुसरं काहीतरी मोजायला घ्यायचो. वीणाची पत्रं कंपनीमार्फत दोन-तीन महिन्यांनी यायची. त्यात ती माझा मार्ग लिहायची. 'या आठवड्यात तुम्ही केपटाउन सोडलंत. अनूने विचारलं तिथे पेंग्विन दिसले का. दिसले असं सांगितलंय, लक्षात ठेवा.' मी लक्षात ठेवत होतो. पंपघराच्या भिंतीवर खिळ्याने यादी कोरली होती. सुटून घरी आलो तेव्हा अनू दहा वर्षांची होती. तिने माझा हात धरला आणि मला सरळ नकाशासमोर नेऊन उभं केलं, परीक्षक उमेदवाराला नेतात तसं. "इथे काय खाल्लंत? इथे लोक कसे होते?" मी एकेक टाचणीचं उत्तर दिलं. पेंग्विन सांगितले. फुलांचे हार सांगितले. वीणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं; मी नवीन काय सांगतोय ते ती लक्ष देऊन ऐकत होती, कारण पुढे ते तिलाही लक्षात ठेवायचं होतं. जहाजावरचं माझं लायसन्स गेलं होतं. बाबांना आता समुद्र सोसत नाही, असं ठरलं, आणि मी भोसरीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळू लागलो. आमचा संसार वाईट झाला नाही. वीणाने खोटं रचलं म्हणून मी तिला दोष देणार नाही. मला तिचा राग आला तो एकदाच, ती गेली त्या दिवशी. सगळं माझ्यावर टाकून गेली म्हणून.

नकाशासमोर मी खुर्ची ठेवली आणि बसलो. टाचण्यांचे रंग उडालेत. लाल गुलाबी झालाय, निळा राखाडी. पेन मी वरून खाली कधी आणलं कोणास ठाऊक. ते माझ्या हातात होतं. सही करायला किती वेळ लागतो? माझी सही लहान आहे, आडनावाची शेपटी आणि खाली एक रेघ. ती केली की अनूचे बाबा अनूचेच राहतील. शंतनु वीकेंडला येईल, आम्ही एटोबिकोला जाऊन ग्रोसरी आणू, उन्हाळ्यात मागच्या अंगणात मेथी पेरू. हे सगळं मला हवं आहे. मी काही साधू नाही. मला माझ्या मुलीच्या घरात मरायचं आहे. हे स्वतःशी इतकं उघड मी कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर मला लाज वाटली नाही. पण वर जाऊन कागद पुढे ओढला की डोळ्यांसमोर त्या फुल्या यायच्या, एकाखाली एक, एकसारख्या. न वाचता केलेल्या खुणेला एक प्रकारची सफाई असते. ती मी जगात कुठेही ओळखीन. दुपारी मी जेवलो नाही.

सहाला गॅरेजचं दार वाजलं. अनू आत आली, बूट काढता काढताच म्हणाली, "अरे वा, चिरकणं थांबलं. केलं का साइन?"

"नाही," मी म्हणालो. "चौथा प्रश्न चुकलाय."

तिने वाकून कागद पाहिला. "कन्व्हिक्टेडचा? तो कसा चुकेल?"

"मला शिक्षा झालेली आहे, अनू. तू सात वर्षांची होतीस तेव्हा. मी जहाजावर नव्हतो. तुरुंगात होतो."

ती कोटासकट खुर्चीत बसली. मी तिला सांगितलं: परकार, टाकी, परमिट, बेट. कोर्टात उभा राहून सांगावं तसं, आडवंतिडवं काही न घालता. तिच्या टोपीवरचं बर्फ वितळून टेबलावर थेंब पडत होते आणि ती ते बोटाने एकत्र करत होती. मग म्हणाली, "किती वर्षं?"

"तीन."

"तीन म्हणजे तीच तीन?"

"तीच."

"आणि होनोलुलु?"

"मी कधीच गेलो नाही होनोलुलुला."

ती उठली आणि वॉशरूममध्ये गेली. नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. मी त्या पाण्याचा आवाज ऐकत बसलो. दिवसभर मी तिच्या ज्या चेहऱ्याला भीत होतो तो मला बघायलाच मिळाला नव्हता, तो तिने आरशाला दाखवला असेल. ती आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस मागे घट्ट बांधलेले. ऑफिसमध्ये एखादं जहाज अडकलं की ती अशीच दिसत असणार. खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून तिने माझ्या हातात पेन दिलं.

"हे कोणाकोणाला माहितीये?"

"कोणालाच नाही. आईला होतं."

"ओके. मग ऐका, बाबा. अठ्ठावीस वर्षं झालीत. तेव्हाचे रेकॉर्ड कॉम्प्युटरवर तरी असतील का? कोण चेक करणार आहे? आत्ता यस केलं तर आधीचा व्हिसाही कॅन्सल होईल, तुम्हाला परत जावं लागेल, आणि मी तुम्हाला तिथे एकटं ठेवणार नाहीये. आय कान्ट. साइन करा. फॉर्मवर सगळे असंच करतात."

तिचा आवाज शेवटी फुटला. तिला मी हवा होतो, खरा की खोटा, ते ती पुढे बघून घेणार होती. एवढं मिळेल असं मला वाटलं नव्हतं. हात तर केव्हाचाच तयार होता. पेन कागदाला टेकलंसुद्धा. आणि मग ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं. माझ्या आधीच्या सेकंडने मला परमिटांचा गठ्ठा पुढे ढकलताना हेच सांगितलं होतं, असंच, जवळ बसून, माझ्या भल्यासाठी.

"परकारने मला विचारलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"टाकीत पाय घालण्याआधी तो थांबला. म्हणाला, 'सेकंडसाब, हवा बघितलीत ना?' कागदावर तर त्याचा विश्वास नव्हताच, त्याला माहीत होतं ते कसे भरतात. म्हणून त्याने तोंडाने विचारलं. मी 'हो' म्हणालो. तो उतरला." मी पेन कागदावरून उचललं. "कोर्टाने मला सहीची शिक्षा दिली, अनू. हे कोर्टाला माहीत नाही. आईलासुद्धा मी सांगितलं नाही. माझ्या शब्दावर तो गेला."

अनू माझ्याकडे बघत होती, आणि आता तिचा चेहरा मला दिसत होता, आणि तो बघणं मला वाटलं होतं तितकंच कठीण होतं. मी नजर काढली नाही.

"भोवरा," ती म्हणाली. "तो त्यांनीच केला होता?"

"हो."

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. सहीचा कागद उलटा करून बाजूला ठेवला. लॅपटॉप उघडला, ते पान शोधलं, चौथ्या प्रश्नाशी थांबली. या वेळी तिने तो मोठ्याने वाचला, शब्दन् शब्द, आणि 'यस' केलं. मग पहिल्यावर गेली, दुसऱ्यावर गेली, प्रत्येक प्रश्न वाचून माझ्याकडे बघत उत्तर घेऊ लागली. अकराही झाले. खाली एक रिकामी चौकट उघडली होती.

"डिटेल्स मागतायत. कधी, कशासाठी, कुठे." कधी ते मी सांगितलं. कशासाठी तेही सांगितलं. तिने ते इंग्रजीत लिहिलं आणि लिहिलेलं मला वाचून दाखवलं. "कुठे?"

मी तोंड उघडलं. त्या देशाचं नाव मी सुटल्यापासून उच्चारलेलं नाही. बातम्यांत आलं तर मी चॅनल बदलतो. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. "बाबा, कुठे?" तिने पुन्हा विचारलं, आणि मी मान हलवली.

ती उठून खाली गेली. भिंतीतला खिळा उपटल्याचा आवाज आला. जिन्यावर बोर्ड कठड्याला दोनदा आपटला. तिने नकाशा आणून टेबलावर आडवा ठेवला, लॅपटॉप आणि कागद त्याखाली निम्मे झाकले गेले. उभ्या उभ्या तिने तो एकदा डावीकडून उजवीकडे पाहिला. मग नखाने होनोलुलुची टाचणी उपटली. ती निघाली तिथे मूळचा गडद निळा रंग उरला होता.

"दाखवा," ती म्हणाली.

मी त्या कोऱ्या किनाऱ्यावर बोट नेलं. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि टाचणीचं टोक माझ्या नखापाशी आणलं.

"इथे?"

"जरा खाली," मी म्हणालो.